चार कोटी अंकांची बातमी आणि देवळालीचे मोजमाप

२१ ऑक्टोबर २०२४ रोजी एक नवी मूळ संख्या जाहीर झाली. २ चा १३,६२,७९,८४१ वा घात घ्यायचा आणि त्यातून १ वजा करायचा, की ती मिळते. दशमान पद्धतीत ती लिहायला ४,१०,२४,३२० अंक लागतात. सेकंदाला एक अंक या वेगाने, न झोपता वाचायला बसले तर सुमारे ४७५ दिवस पुरतील. १९९६ पासून चाललेल्या 'गिम्प्स' या हौशी संशोधकांच्या सामूहिक शोधमोहिमेत लूक ड्युरंट या अमेरिकी अभियंत्याने ती शोधली. त्याआधीचा, डिसेंबर २०१८ चा विक्रम २,४८,६२,०४८ अंकांचा होता.

संख्येबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. तक्रार आहे ती अशा संख्येविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते आणि मग वर्गात जसेच्या तसे सांगितले जाते त्याबद्दल.

पहिली चूक मथळ्यातच असते. 'जगातील सर्वांत मोठी मूळ संख्या सापडली' असा मथळा छापून येतो. अशी संख्या नसतेच, हे युक्लिडने तेवीसशे वर्षांपूर्वी दाखवून दिले आहे. 'माहीत असलेल्यांपैकी' हे शब्द मथळ्यात मावत नाहीत म्हणून गाळले जातात आणि त्याबरोबर सगळे गणितच गळून जाते. (युक्लिडची सिद्धता सांगतानाही जपावे लागते. पहिल्या काही मूळ संख्यांचा गुणाकार अधिक १ म्हणजे नवी मूळ संख्या, असे फळ्यावर लिहिलेले पुष्कळदा दिसते. २ × ३ × ५ × ७ × ११ × १३ + १ = ३०,०३१ आणि ३०,०३१ = ५९ × ५०९. गुणाकार अधिक १ स्वतः मूळ असेलच असे नाही. तिचा एखादा मूळ अवयव यादीबाहेरचा असतो, एवढेच युक्लिड म्हणतो.)

दुसरी चूक अधिक गंभीर आहे, कारण ती चांगल्या हेतूने केली जाते. 'सर, याचा उपयोग काय?' हा प्रश्न निगडी-भोसरीपासून चाकणपर्यंतच्या आमच्या पट्ट्यात जेवढ्या रोखठोकपणे विचारला जातो तेवढा क्वचितच कुठे विचारला जात असेल. मुलांच्या घरी कोणी प्रेस शॉपमध्ये, कोणी टूलरूममध्ये, कोणी असेंब्ली लाइनवर असते. वस्तू कशासाठी आहे हे आधी विचारायचे, ही त्या घरांची रीतच आहे. या प्रश्नाने गांगरून लेखक आणि शिक्षक हाताला येईल ते उत्तर देतात. अशी दोन उत्तरे फार चालतात.

एक म्हणजे बँकेचे कुलूप. मोठ्या मूळ संख्यांवर बँकांचे गुप्त संदेश चालतात, म्हणून ही नवी संख्या महत्त्वाची, असे सांगतात. यातले पहिले अर्धे खरे आहे. आरएसए या पद्धतीत दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार उघड करतात आणि त्या दोन संख्या लपवून ठेवतात. पण आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या २०४८ बिटांच्या किल्लीसाठी त्यातील प्रत्येक संख्या ३०० हून थोड्या जास्त अंकांची लागते, चार कोटी अंकांची नाही. मुख्य म्हणजे ती गुप्त असावी लागते. जी संख्या जगभर छापून आली, तिची किल्ली करणे म्हणजे किल्लीचा साचा चौकात टांगून दाराला कुलूप लावणे.

दुसरे उत्तर खास आमच्या भागातले, गिअरचे. 'गिअरच्या दात्यांची संख्या मूळ असली की झीज सारखी होते.' हे वाक्य मी व्याख्यानांत ऐकले आहे, लेखांत वाचले आहे. ते जरा तपासून पाहू. लहान गिअरला २० आणि मोठ्याला ४० दाते असतील तर लहानाचा एक ठराविक दाता मोठ्याच्या दोनच ठराविक दात्यांना पुन्हा पुन्हा भेटतो. एखाद्या दात्यावर बारीक दोष असेल तर तो त्याच दोन दात्यांना खात राहतो. आता २१ आणि ४० घ्या. मसावि १, लसावि ८४०. म्हणजे प्रत्येक दाता समोरच्या प्रत्येक दात्याला भेटल्यावरच तीच जोडी पुन्हा येते. इथे २१ ही मूळ संख्या नाही आणि ४० तर नाहीच. उलट १९ आणि ३८ घ्या. १९ मूळ आहे, तरी तिचा दाता दोनच दात्यांना भेटतो. तेव्हा झीज वाटून जाण्यासाठी दोन संख्या परस्परांशी सहमूळ असाव्या लागतात. त्यांतली एखादी मूळ असणे हा झाला तर योगायोग, आणि तोही पुरेसा नाही. सहावीतला मसावि आणि लसावि इथे इतका नेमका उपयोगी पडत असताना त्यावर 'मूळ संख्येचा चमत्कार' असे लेबल चिकटवण्याची गरज काय?

खरे तर टूलरूममधल्या माणसाला मूळ संख्या भेटते ती अडचण म्हणून. मिलिंग मशीनवर डिव्हायडिंग हेड लावून दाते पाडताना हँडलचे ४० फेरे म्हणजे जॉबचा एक फेरा. ५६ दाते हवेत तर दर दात्याला ४०/५६ म्हणजे ५/७ फेरा. प्लेटवर २१ भोकांचे वर्तुळ असते, त्यावर १५ भोके मोजली की झाले. पण ५३ दाते हवे असतील तर ४०/५३ ला संक्षेप नाही, आणि ब्राऊन अँड शार्प धर्तीच्या नेहमीच्या तीन प्लेटांवर सर्वांत मोठे वर्तुळ ४९ भोकांचे. मग डिफरेन्शियल इंडेक्सिंगचा वेगळा गिअर संच जोडावा लागतो. ५३ चे अवयव पडत नाहीत हे आयटीआयच्या मुलाला असे हाताने कळते.

याहून सुंदर उदाहरण लेथच्या चेंज गिअरमध्ये आहे. इंची लीड स्क्रू असलेल्या जुन्या लेथवर मेट्रिक आटे पाडायचे तर १२७ दात्यांचे एक मोठे चाक जोडतात. १२७ च का? १ इंच = २५.४ मिलिमीटर, म्हणजे १२७/५. १२७ मूळ आहे, त्यामुळे तिचे काम लहान चाकांच्या जोड्यांत वाटून देता येत नाही. ते चाक नसेल तर १२७/१०० ऐवजी ८०/६३ चालवून घेतात. १.२७ च्या जागी १.२६९८४ येते, चूक आठ हजारांत एक. आणि १२७ म्हणजे २ चा ७ वा घात वजा १. चार कोटी अंकांच्या त्या पाहुण्याचे सख्खे भावंड आपल्या टूलरूमच्या खुंटीवर टांगलेले आहे. उपयोगच सांगायचा तर हा सांगावा. मात्र त्याने मोठ्या भावाला काही उपयोग चिकटत नाही, हेही लगेच सांगून टाकावे.

मोठ्या भावाचा एक उपयोग मात्र खरा आहे आणि तो आमच्या भागातल्या माणसाला पटकन समजेल असा आहे. इंजिन टेस्ट बेडवर चढवून तासन्तास पूर्ण भाराखाली चालवतात, तसा संगणकाचा प्रोसेसर या हिशोबांखाली तपासता येतो. उत्तर आधीच ठाऊक असलेले, एका बिटाची चूकही सहन न करणारे, आठवडाभर न थांबता चालणारे गणित दुसरे कोणते मिळणार? १९९४ मध्ये थॉमस नाइसली हे अमेरिकी प्राध्यापक जुळ्या मूळ संख्यांच्या व्यस्तांची बेरीज करत होते. ८,२४,६३,३७,०२,४४१ आणि तिच्याहून २ ने मोठी अशा जोडीपाशी त्यांना पेंटियम चिपच्या भागाकारातला दोष सापडला. इंटेल कंपनीने त्यापायी ४७.५ कोटी डॉलरचा खर्च ताळेबंदात धरला. पुढे २०१६ च्या सुरुवातीला त्याच कंपनीच्या स्कायलेक प्रोसेसरमधला गोठण्याचा दोष गिम्प्सच्याच मूळ संख्या तपासणाऱ्या प्रोग्राममुळे उघडा पडला.

आता तिसरा आणि माझ्या दृष्टीने मुख्य मुद्दा. या संख्येचे गुणधर्म सांगताना तिच्या अंकांविषयीच का बोलले जाते? किती अंक, छापायला किती पाने, दोरी केली तर किती लांब. जपानमध्ये २०१८ मध्ये तर २ चा ७,७२,३२,९१७ वा घात वजा १ या आदल्या विक्रमी संख्येचे सर्व अंक ७१९ पानांत छापून पुस्तक काढले आणि ते हातोहात खपले. अशा पुस्तकाचे परीक्षण काय लिहिणार? मुद्रणदोष एक जरी असला तरी पुस्तक निकामी, आणि तो आहे की नाही हे वाचून कळणार नाही!

अंक हा संख्येचा गुणधर्म नव्हे, तो लिहिण्याच्या पद्धतीचा गुणधर्म आहे. हीच संख्या द्विमान पद्धतीत लिहिली तर १३,६२,७९,८४१ एके ओळीने उभे राहतात, दुसरा अंकच नाही. तिचा चेहरामोहरा दशमान पद्धतीत कमालीचा गुंतागुंतीचा आणि द्विमान पद्धतीत कमालीचा साधा.

म्हणून अंकांविषयी बोलायचेच नाही का? तसेही नाही, आणि इथे देवळालीच्या दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांची आठवण काढावीच लागते. चाकणवरून जाणारा पुणे-नाशिक रस्ता ज्या नाशिकला पोहोचतो, त्याच्या शेजारचे हे देवळाली. डहाणूला १९०५ मध्ये जन्मलेले, फर्ग्युसन कॉलेजात शिकलेले कापरेकर १९३० ते १९६२ शाळेत शिकवत राहिले. पदव्युत्तर शिक्षण नव्हते, विद्यापीठाचे पद नव्हते. पदरमोड करून पुस्तिका छापत. मार्टिन गार्डनरने मार्च १९७५ मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन' मधल्या आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिले, तेव्हा कुठे आपल्याकडच्या अनेकांना ते मोठे वाटू लागले.

त्यांची ६१७४ ही संख्या सर्वांना पाठ असते. माझ्या मते ती त्यांच्या कामातली सर्वांत कमी बोलकी गोष्ट आहे. चार अंक, उतरता क्रम वजा चढता क्रम, फार तर सात पायऱ्यांत ६१७४. मुले करतात, टाळ्या वाजवतात आणि तिथेच थांबतात, कारण पुढे विचारायला विशेष काही उरत नाही. त्यांच्या डेम्लो संख्या पाहा. मध्य रेल्वेच्या, त्या काळच्या जी. आय. पी. रेल्वेच्या, डोंबिवली स्टेशनावर गाडी बदलताना सुचल्या म्हणून हे नाव. १२१, १२३२१, १२३४३२१ ही त्यातली देखणी मंडळी. या संख्या ११, १११, ११११ यांचे वर्ग आहेत, म्हणजे सगळा खेळ एकांच्या ओळीवर उभा आहे. आता शेजारी द्विमान पद्धतीतली मर्सेन संख्या ठेवा. तीही एकांची ओळच. डोंबिवलीच्या फलाटावरची ओळ दहाच्या पायावर, गिम्प्सची ओळ दोनच्या पायावर, आणि दोन्हीकडे एकच नियम लागू पडतो: ओळीतल्या एकांची संख्या संयुक्त असेल तर ओळही संयुक्त. सहा एके म्हणजे ११ × १०१०१. २ चा १५ वा घात वजा १ म्हणजे ३२,७६७ = ७ × ३१ × १५१. उलट नियम मात्र कुठेच चालत नाही. ५ मूळ आहे, पण ११,१११ = ४१ × २७१. ११ मूळ आहे, पण २ चा ११ वा घात वजा १ म्हणजे २,०४७ = २३ × ८९.

दशमान ओळींत २, १९ आणि २३ एके असलेल्या संख्या मूळ आहेत. त्यानंतर थेट ३१७ एके. तिची सिद्धता ह्यू विल्यम्स यांनी १९७७ मध्ये दिली. पुढची १,०३१ एकांची. ती १९८६ मध्ये सिद्ध झाली, कापरेकर गेले त्याच वर्षी. याला नुसती अंकांची गंमत म्हणून बाजूला सारता येत नाही. १/४१ चे दशांश रूप काढा: ०.०२४३९०२४३९... पाच अंकांनी आवर्तन. १/२७१ चेही पाच अंकांनी. कारण दोघेही पाच एकांच्या ओळीचे अवयव. १/३७ चे आवर्तन तीन अंकांचे, कारण १११ = ३ × ३७. आठवीत आवर्ती दशांश शिकवताना 'आवर्तन किती लांबीचे?' हा प्रश्न आपण टाळतो. त्याचे उत्तर या ओळींच्या अवयवांत दडलेले आहे. अंकांच्या खेळातून आत जायचा दरवाजा उघडतो तो असा.

कापरेकरांची माझ्या मते सर्वांत कसदार कल्पना म्हणजे 'सेल्फ नंबर'. मराठीत तिला स्वयंभू संख्या म्हणणे शोभेल. एखादी संख्या घ्या, तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. १२२ पासून १२२ + ५ = १२७. मग १२२ ही १२७ ची जनक. जिला जनकच नाही ती स्वयंभू. १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२, ५३ अशी यादी सुरू होते. १९४९ पासून कापरेकर यावर लिहीत होते. १९७४ मध्ये बर्नार्डो रेकामान यांनी स्वतंत्रपणे हीच कल्पना मांडली आणि त्या संख्यांना 'कोलंबियन' असेही नाव पडले. 'देवळाली संख्या' हे नावही आहे, पण ते आपणच वापरत नाही.

या कल्पनेचे मर्सेन मूळ संख्यांशी एक नाते लागले आहे. २ चा २,४०,३६,५८३ वा घात वजा १ ही ७२,३५,७३३ अंकांची संख्या मूळ असल्याचे मे २००४ मध्ये सापडले. ऑक्टोबर २००६ मध्ये ल्यूक पेबडी यांनी दाखवले की ती देवळालीच्या अर्थानेही स्वयंभू आहे. एका शाळामास्तराची कल्पना आणि जगभरच्या संगणकांचे फळ एकाच संख्येत भेटले, हे वाचून आनंद होतो. तो झाल्यावर समीक्षकाने विचारावे: या भेटीचे वजन किती?

मूळ असणे आणि स्वयंभू असणे हे दोन्ही 'नाही' चे गुणधर्म आहेत. एकीला अवयव नाहीत, दुसरीला जनक नाही. 'आहे' दाखवायला एक उदाहरण पुरते. १९०३ मध्ये फ्रँक कोल यांनी २ चा ६७ वा घात वजा १ म्हणजे १९,३७,०७,७२१ × ७,६१,८३,८२,५७,२८७ असे लिहून मर्सेनच्या १६४४ च्या यादीतली एक चूक संपवली. 'नाही' दाखवायला मात्र पद्धत लागते, आणि दोन्हींच्या पद्धतींची मजुरी ताडून पाहिली की वजन कळते.

मूळपणाची पद्धत ल्युकास आणि लेमर यांची. ४ पासून सुरुवात, वर्ग करून २ वजा करायचे, मर्सेन संख्येने भागून बाकी ठेवायची. घातांकाहून दोनने कमी इतक्या पायऱ्यांनंतर बाकी शून्य आली तर संख्या मूळ, नाहीतर संयुक्त. १२७ साठी: ४, १४, ६७, ४२, १११, ०. घातांक ७, पायऱ्या पाच, बाकी शून्य, म्हणून मूळ. २,०४७ साठी नऊ पायऱ्यांनंतर १,७३६ उरतात, म्हणून ती संयुक्त, अवयव न शोधताच! नववीच्या वर्गात कॅल्क्युलेटर घेऊन हे एका तासात होते. ड्युरंटच्या संख्येला अशा १३,६२,७९,८३९ पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीत चार कोटी अंकी संख्येचा वर्ग. आधी ११ ऑक्टोबरला डब्लिनमधल्या एका जीपीयूने सोप्या चाचणीवरून ती 'बहुधा मूळ' ठरवली. दुसऱ्या दिवशी सॅन अँटोनिओतल्या यंत्राने ल्युकास-लेमर पूर्ण केले, नंतर वेगळ्या यंत्रांवर वेगळ्या प्रोग्रामांनी पडताळा झाला. 'बहुधा' आणि 'सिद्ध' यांतला हा फरक बातम्यांत एका ओळीतही आला नाही. (कोणत्याही संख्येसाठी झटपट आणि निश्चित चालणारी पद्धत २००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या मणिंद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी दिली. ती सिद्धांत म्हणून फार मोठी, पण विक्रमांसाठी मर्सेन संख्यांना ल्युकास-लेमरच सोयीची पडते.)

आता स्वयंभूपणाची मजुरी. ८,१९१ घ्या, २ चा १३ वा घात वजा १. जनक असलाच तर तो थोडाच लहान असणार, कारण चार अंकांची बेरीज ३६ च्या वर जात नाही. सुरुवातीचे ८१ तसेच राहतात असे धरले तर त्यांची बेरीज ९, आणि शेवटच्या दोन अंकांची बेरीज ० ते १८. म्हणजे जनक ८,१६४ ते ८,१८२ यांच्यात. शिवाय नऊने भागून बाकी पाहिली तर संख्येची बाकी जनकाच्या बाकीच्या दुप्पट असते. ८,१९१ ची बाकी १, तेव्हा जनकाची ५. उमेदवार दोनच उरले: ८,१६८ आणि ८,१७७. पहिल्याच्या अंकांची बेरीज २३, आणि ८,१६८ + २३ = ८,१९१. जनक सापडला. अशाच रीतीने १,३१,०७१ ला १,३१,०६० आणि ५,२४,२८७ ला ५,२४,२६४ हे जनक मिळतात. ऑयलरने १७७२ मध्ये मूळ ठरवलेली २,१४,७४,८३,६४७ हीसुद्धा स्वयंभू नाही, २,१४,७४,८३,६०६ तिची जनक. मर्सेन घराण्यात सुरुवातीच्या ३, ७ आणि ३१ तेवढ्या स्वयंभू, नंतर १२७ पासून ओळीने या सगळ्यांना जनक.

चार कोटी अंकांच्या संख्येलाही हीच रीत. अंकांची बेरीज ३६,९२,१८,८८० च्या वर जाऊ शकत नाही, म्हणजे ती नऊ अंकांतच मावते. जनक आणि संख्या यांच्यात फरक पडेल तो शेवटच्या नऊ अंकांत आणि फार तर त्यांच्या डावीकडे एक हातचा. दोन शक्यता, प्रत्येकीत शेवटच्या नऊ अंकांची बेरीज ० ते ८१, त्यातले नऊच्या बाकीत बसणारे फार तर दहा. एकूण वीस उमेदवार. संगणकाने फक्त लांबलचक बेरीज करून द्यायची, बाकी काम पाटीवर होईल. तिकडे चार कोटी अंकी संख्यांचे तेरा कोटी वर्ग, इकडे एक बेरीज आणि वीस तपासण्या. शिवाय स्वयंभू संख्या दहात सुमारे एक या प्रमाणात भेटतात. २००४ पर्यंत एक्केचाळीस मर्सेन मूळ संख्या माहीत होत्या, त्यांत चार-पाच स्वयंभू निघाल्या तर नवल नाही. पेबडींचा निष्कर्ष खरा आहे, गोड आहे, पण दुर्मीळ नाही. मूळपणा लिहिण्याची पद्धत बदलली तरी टिकतो, देवळालीचा स्वयंभूपणा दशमानाबाहेर टिकेल असे नाही. कापरेकरांचा मान राखायचा म्हणून हा फरक झाकण्याचे कारण नाही. त्यांच्या कल्पनेचे मोल दुसरीकडे आहे: तिची संपूर्ण तपासणी शाळेतला मुलगा स्वतः करू शकतो.

आणि तसे करण्यासारखे त्या चार कोटी अंकी संख्येतही पुष्कळ आहे. अंक किती ते पाहा. १३,६२,७९,८४१ ला लॉग २ ने गुणायचे. ०.३०१०३ ही पाच स्थळांची किंमत घेतली तर ४,१०,२४,३२०.५ येते, म्हणजे अंक ४,१०,२४,३२१, एकाने चूक! दहा स्थळांपर्यंत ०.३०१०२९९९५७ घेतली तर ४,१०,२४,३१९.९ येते आणि अंक बरोबर ४,१०,२४,३२०. लॉगच्या कोष्टकाची अचूकता कुठे संपते हे शिकवायला याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. शिवाय त्या अपूर्णांकाची पुढची स्थळे घेतली, ०.९४५, तर पहिला अंक ८ हेही कळते. शेवटचे दोन अंक? २ च्या घातांचे शेवटचे दोन अंक दुसऱ्या घातापासून दर वीस घातांनी पुन्हा तेच येतात. घातांकाला २० ने भागून बाकी १, म्हणून २१ वा घात पाहायचा: २०,९७,१५२. एक वजा केला की ५१. अंक पुन्हा पुन्हा मिळवत एका अंकावर आलो तर काय उरेल? घातांकाला ६ ने भागून बाकी ५, २ चा पाचवा घात वजा १ म्हणजे ३१, उत्तर ४.

तेव्हा नव्या संख्येला जनक असलाच तर त्याची नऊने भागून बाकी २ असली पाहिजे. पुढच्या कामाला तिच्या सर्व अंकांची बेरीज आणि शेवटचे नऊ अंक एवढेच लागते. बेरजेला शाळेतला साधा संगणक पुरे. शेवटच्या नऊ अंकांसाठी तोही नको: २ चा घात दर पायरीला वर्ग करत, शेवटचे नऊच अंक ठेवत गेले तर सत्तावीस-अठ्ठावीस पायऱ्यांत ते कागदावर उतरतात.